निळ्या उजेडाने तोंडाचा कर्करोग तपासताना : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीत प्रतिदीप्ती उपकरणांचा वापर

महोदय,

तोंडाच्या आतल्या निरोगी अस्तरावर निळा-जांभळा प्रकाश पाडला आणि योग्य गाळणीतून पाहिले, तर ते अस्तर फिकट हिरवे उजळलेले दिसते. त्याच अस्तरातल्या पेशींची वाढ बिघडू लागली असेल, तर तेवढ्या जागेचा हिरवेपणा ओसरतो आणि तिथे काळसर, तपकिरी डाग दिसतो. साध्या पांढऱ्या प्रकाशात ही जागा कधी किंचित लालसर वाटते, कधी आजूबाजूपेक्षा वेगळी वाटतच नाही. सुई न टोचता, तुकडा न काढता तोंडाचा कर्करोग लवकर ओळखू पाहणारी जी उपकरणे आज बाजारात आणि प्रयोगशाळांत आहेत, त्यांपैकी बरीचशी या एका निरीक्षणावर उभी आहेत. सरकारी रुग्णालयांसाठी ती घेण्याआधी हा प्रकाश नेमके काय दाखवतो, कुठे चुकतो आणि तो कोणाच्या हाती द्यावा, हे तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहावे लागतात.

काही रेणू प्रकाश शोषतात आणि काही नॅनोसेकंदांत तो परत सोडतात. मधल्या काळात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून गेलेली असते, म्हणून परत येणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त तरंगलांबीचा असतो. आत जांभळा जातो, बाहेर हिरवा किंवा लाल येतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणावर आणि इतर पदार्थांवर प्रयोग करून १८५२ मध्ये तिचा नियम मांडला. नोटेवरचा क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतो तोही याच गुणामुळे. नोटेला त्यासाठी खास शाई लागते, शरीराच्या ऊतींत मात्र असे रेणू मुळातच असतात. त्यांच्या या आपोआप होणाऱ्या उजळण्याला स्वयंप्रतिदीप्ती म्हणतात.

तोंडाच्या अस्तराचा वरचा थर पेशींचा असतो आणि त्याखाली तंतुमय संयोजी ऊती असते. वरच्या पेशींत एनएडीएच आणि एफएडी ही ऊर्जेच्या व्यवहारातली दोन सहविकरे असतात. एनएडीएच ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषून ४६०च्या आसपासचा निळा सोडते. एफएडी ४५०च्या आसपासचा निळा शोषून ५२०-५३०चा हिरवा सोडते. खालच्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी जखडणारे रासायनिक आडबंध हे प्रतिदीप्तीचे मोठे उगमस्थान आहे. दवाखान्यात वापरली जाणारी बहुतेक उपकरणे ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश टाकतात. त्यांतून दिसणाऱ्या हिरव्या उजेडाचा मोठा वाटा कोलॅजेनचा आणि काही वाटा एफएडीचा असतो. हा प्रकाश फार खोल जात नाही, अस्तराचा वरचा थर आणि त्याखालचा थोडा भाग इतकीच त्याची पोहोच. तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा याच पातळ भागात जन्म घेतो, म्हणून सुरुवातीच्या काळात ही मर्यादा आडवी येत नाही. खोल गेलेल्या गाठीची खोली मात्र या प्रकाशाने कळत नाही.

पेशी कर्करोगाच्या दिशेने सरकू लागल्या की हिरवा उजेड तीन कारणांनी घटतो. बिघडलेल्या पेशी आणि त्यांच्या शेजारची ऊती अशी विकरे स्रवतात, जी खालच्या कोलॅजेनचे आडबंध तोडतात. कर्करोग खालच्या थरात शिरण्याआधीच हे सुरू होऊ शकते, आणि या तंत्राची सारी आशा त्यावर आहे. दुसरे म्हणजे वरचा थर जाड होतो, पेशींची केंद्रके मोठी होतात, प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून खाली कमी पोहोचतो आणि तिथून परतही कमी येतो. तिसरे कारण रक्ताचे. वाढत्या ऊतीत केशवाहिन्या वाढतात आणि हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषते. ५४० आणि ५७७च्या आसपासही ते प्रकाश गिळते, म्हणजे आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही प्रकाश रक्तात अडकतात. पुढच्या अवस्थेत काही गाठींत पॉर्फिरिन नावाचे रेणू साठतात आणि ६३५ नॅनोमीटरच्या आसपास लाल उजेड देतात. फ्रान्समधल्या ल्योंचे अल्बेर पोलिकार यांनी १९२४ मध्येच गाठींमधल्या अशा लाल चमकीची नोंद केली होती.

उपकरणातून दिसणारा काळा डाग हा अशा रीतीने या तीन बदलांची बेरीज असतो, कर्करोगाची स्वतःची अशी त्यात कोणतीही खूण नसते. कोलॅजेन कमी करणारे, अस्तर जाड करणारे किंवा रक्त वाढवणारे दुसरे काहीही तसाच डाग उमटवू शकते. या तंत्राची उपयुक्तता आणि त्याची फसगत या दोन्हींचे मूळ इथे आहे. उपकरणांच्या माहितीपत्रकांत नेमका हा भाग बारीक अक्षरांत छापलेला असतो.

परतलेला प्रकाश मोजण्याच्या पद्धती दोन. एका पद्धतीत पातळ प्रकाशतंतू अस्तराला टेकवून एका बिंदूचा पूर्ण वर्णपट नोंदवतात. माहिती भरपूर मिळते, पण बिंदू कुठला घ्यायचा ते आधी ठाऊक असावे लागते. दुसऱ्या पद्धतीत गालाचा, जिभेचा सगळा पृष्ठभाग एकदम उजळवून डोळ्याने किंवा कॅमेऱ्याने पाहतात. व्हँकुव्हरमध्ये ब्रिटिश कोलंबिया कर्करोग संस्थेच्या संशोधनातून घडलेले वेलस्कोप हे दुसऱ्या पद्धतीचे हातात धरायचे उपकरण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. टेक्सासमधल्या ह्यूस्टन येथे राइस विद्यापीठाच्या रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या अ‍ॅन गिलनवॉटर यांच्या गटाने ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून चित्रातल्या लाल आणि हिरव्या उजेडाचे गुणोत्तर मोजले. पाहणाऱ्याच्या अंदाजाऐवजी आकडा हाती यावा, हा त्यामागचा हेतू होता.

भारतात हे काम उशिरा आले असे नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेसरने तोंडाच्या ऊतींच्या प्रतिदीप्तीचा अभ्यास झाला आणि पुढे तिथेच ऑन्कोडायग्नोस्कोप हे सहज नेता येणारे उपकरण तयार झाले. तिरुवनंतपुरममधल्या संशोधनातून सॅस्कॅन या कंपनीचा ओरलस्कॅन हा कॅमेरा २०२० मध्ये बाजारात आला. त्यात प्रतिदीप्तीबरोबर ऊतीवरून विखरून परतणाऱ्या प्रकाशाचेही मोजमाप होते, म्हणजे रक्ताच्या प्रमाणाचा अंदाज वेगळा घेता येतो. बंगळूरच्या मजुमदार शॉ कर्करोग केंद्रातील आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी मोबाइल फोनला जोडायचे उपकरण घडवले आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. ते पांढऱ्या आणि जांभळ्या अशा दोन्ही प्रकाशांत चित्रे घेते आणि संगणकीय चेताजालाकडून (न्यूरल नेटवर्क) त्यांची छाननी करून घेते. एलईडी स्वस्त झाल्यामुळे हे शक्य झाले. क्ष-किरण नाही, टोचणे नाही, तपासणीला काही मिनिटे लागतात. डोळ्यांना गडद चष्मा लावला की रुग्णाला त्रासही नाही.

महाराष्ट्राला या तंत्राची ओढ वाटावी याची कारणे उघड आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. जगातल्या अशा रुग्णांचा हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. राज्याचा तंबाखू तोंडात ठेवला जातो, ओढला फार कमी जातो. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण विदर्भातला खर्रा, इतरत्र मावा, घरोघरची मिश्री आणि हातावर मळलेला तंबाखू यांचा वापर सुरूच आहे. खर्ऱ्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारी असते आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे २००४ पासून जागतिक स्तरावर मान्य आहे. खर्ऱ्याची किंवा तंबाखूची गोळी खालच्या गालफडात तासन्‌तास धरली जाते, आणि आपल्याकडचा कर्करोगही बहुधा तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत उगवतो. आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, तिखट झोंबू लागते, तोंड कमी उघडते. रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. लवकर सापडलेला चट्टा छोट्या शस्त्रक्रियेने निघतो. उशिरा सापडलेल्या गाठीसाठी जबड्याचे हाड काढावे लागते, पुढे किरणोपचार घ्यावे लागतात, आणि एवढे सोसूनही अनेकांचा जीव वाचत नाही. गडचिरोली किंवा चंद्रपूरहून नागपूरला, नाहीतर थेट मुंबईला परळच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत यावे लागणाऱ्या कुटुंबांची त्या एका आजाराने होणारी दैना खात्याला नव्याने सांगायला नको.

पण याच तोंडांत हा प्रकाश जास्त चुकतो, आणि या पत्राचे मुख्य म्हणणे तेच आहे.

सगळ्यात नेहमीची चूक सुजेची. दाढ टोचून झालेली जखम, उष्णतेचे फोड, बुरशीचा संसर्ग, लायकेन प्लॅनस, सुजलेल्या हिरड्या या सर्वांत रक्त वाढते, म्हणून हे सगळे निळ्या उजेडात काळे दिसते. अनुभवी दंतवैद्य आरशाच्या पाठीने ती जागा हलके दाबून पाहतात. रक्त सरकल्यावर हिरवा उजेड परतला, तर सूज असण्याची शक्यता अधिक. ही युक्ती उपयोगी आहे, पण तिच्यावर निदान सोडता येत नाही. हिरड्यांचे आजार जिथे घरोघर आहेत, तिथे गाल-हिरडीच्या खाचेत निम्म्या तोंडभर काळेपणा दिसणे साहजिक आहे.

दुसरी चूक रंगाची. अनेक भारतीयांच्या हिरड्यांत आणि गालांत मेलॅनिन हे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या असते. ते प्रकाश शोषते आणि निरोगी जागाही गडद दिसते. कॅनडातल्या रुग्णांवर घडवलेल्या निकषांत अशी तोंडे किती होती, हे विचारल्याशिवाय ते निकष इथे लावणे धोक्याचे आहे. पानाचा आणि काताचा डाग, चांदीच्या भरावाचा डाग हे आणखी भर घालतात. उलट बाजूने, जिभेच्या पाठीवरचे आणि दातांवरच्या कीटणातले जंतू पॉर्फिरिन तयार करतात आणि लाल-नारिंगी चमकतात. त्या चमकीचा कर्करोगाशी काही संबंध नसतो.

तिसरी चूक याहून गंभीर, कारण ती खोटा दिलासा देते. जाड पांढऱ्या चट्ट्यावर केराटिनचा थर असतो आणि केराटिन स्वतः उजळते. त्यामुळे खाली पेशी बिघडलेल्या असल्या तरी वरून चट्टा फिकट, कधी झगझगीत दिसू शकतो. उपकरण हिरवे दाखवते आणि माणूस निर्धास्त घरी जातो.

चौथी गोष्ट महाराष्ट्राची, त्यातही विदर्भाची खास. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, तोंड दोन बोटांपुरतेही उघडेनासे होते. या अधःश्लेष्मल तंतुमयतेच्या रुग्णांत कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. इथे खाली कोलॅजेन कमी न होता वाढलेले असते आणि वरचा पेशींचा थर पातळ झालेला असतो. भारतातल्या अभ्यासांत अशा ऊतीच्या वर्णपटात कोलॅजेनचा वाटा वाढलेला आणि एनएडीएचचा घटलेला आढळला आहे. म्हणजे ज्या पार्श्वभूमीवर काळा डाग शोधायचा, ती पार्श्वभूमीच बदललेली असते. शिवाय तोंड उघडत नसल्याने मोठ्या आकाराचे उपकरण आत जात नाही आणि गालाचा मागचा भाग, जिथे गोळी ठेवली जाते तोच, बघायचा राहतो. खर्रा खाणाऱ्या तरुणाच्या तोंडात हे तंत्र कितपत चालते, याचे उत्तर व्हँकुव्हर किंवा ह्यूस्टनच्या आकड्यांतून मिळणार नाही.

आकड्यांचेच बोलायचे तर २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने तोंडात चट्टा किंवा जखम असलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांची संवेदनशीलता सुमारे ८७ टक्के आणि विशिष्टता सुमारे ५० टक्के निघाली. याचा अर्थ असा, की दंत महाविद्यालयात चट्टे असलेले १,००० रुग्ण आले आणि त्यांपैकी १०० जणांना खरोखर धोक्याचा आजार आहे असे धरले, तर उपकरण ८७ जणांना पकडेल आणि १३ जणांना सोडून देईल. उरलेल्या ९०० निरुपद्रवी रुग्णांपैकी ४५० जणांनाही ते काळेच दाखवेल. काळे दिसलेल्या साधारण सहा जणांत एकाला आजार. गावातल्या शिबिरात खरा आजार याहून खूप कमी जणांना असतो, तिथे हेच गुणोत्तर आणखी ढासळते. त्याच आढाव्यात ब्रशने पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी ९० टक्क्यांच्या वर किंवा आसपास होती, आणि तरीही तुकड्याच्या तपासणीला, म्हणजे बायोप्सीला, ती पर्याय ठरू शकत नाही, असाच निष्कर्ष होता. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दिसणारा चट्टा पारखण्यासाठी स्वयंप्रतिदीप्तीची शिफारस केलेली नाही. संशय असेल तर बायोप्सी करावी, एवढेच म्हटले आहे.

सुरुवातीच्या अभ्यासांत आकडे फार चांगले आणि नंतर ते खाली, असे का होते याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या एका उदाहरणात आहे. कर्करोगाच्या गाठीभोवती दिसायला निरोगी असलेल्या ऊतीतही बदल पसरलेले असतात, हे १९५३ पासून माहीत आहे. गाठ काढताना निळ्या उजेडात काळी दिसणारी कडाही काढली तर आजार परतणार नाही, असे व्हँकुव्हरच्या शल्यविशारदांना वाटले. आधीच्या नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात आजार परतण्याचे प्रमाण खूप घटलेले दिसले. मग कॅनडातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४४३ रुग्णांवर रीतसर चिठ्ठ्या टाकून तुलनात्मक चाचणी केली. २०२० मध्ये तिचा निकाल आला आणि प्रकाशाच्या मार्गदर्शनाने केलेल्या आणि साध्या प्रकाशात केलेल्या शस्त्रक्रियांत आजार परतण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्या संशोधकांनी तंत्र घडवले, त्यांनीच ही कडक चाचणी केली आणि प्रतिकूल निकाल छापला, ही गोष्ट मोठ्या आदराची आहे. उपकरण पुरवणाऱ्याच्या सादरीकरणात २०१६ चा आकडा दिसला आणि २०२० चा दिसला नाही, तर खात्याच्या अधिकाऱ्यांनी तो मागून घ्यावा.

याच्या शेजारी केरळमधला प्रयोग ठेवून पाहावा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायत-गटांत १९९६ मध्ये एक चाचणी सुरू झाली. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन टॉर्चच्या उजेडात तोंड तपासत आणि संशयितांना डॉक्टरांकडे पाठवत. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सगळ्या लोकसंख्येचा एकत्र विचार करता घट सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हती, पण ज्यांना धोका अधिक त्यांच्यात ती स्पष्ट होती. टॉर्च, लाकडी पट्टी, हातमोजा आणि शिकवलेली नजर, इतकीच साधने. प्रतिदीप्तीच्या कोणत्याही उपकरणाकडे मृत्यू घटल्याचा असा पुरावा आज नाही.

देशात ३० वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, असे कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे २०१६ चे धोरण सांगते. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के जणांची तोंडाची अशी तपासणी आयुष्यात कधीतरी झालेली होती. उरलेल्यांच्या तोंडात कोणी डोकावलेलेच नाही. निळा दिवा ही उणीव भरून काढू शकत नाही. आशा सेविकेने भरलेल्या प्रपत्रात तंबाखूची नोंद असलेल्या माणसाला उपकेंद्रावर बसवून ओठ, गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहणे, बोटाने चाचपणे आणि मानेतल्या गाठी तपासणे हे काम आधी व्हावे लागते. जिभेखालचा कोपरा आणि गालफडाची खाच घाईत वगळल्या जातात, म्हणून प्रशिक्षणात या दोन जागांवर भर हवा.

मग प्रतिदीप्तीची जागा कुठे? तपासणीच्या दुसऱ्या पायरीवर. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांतल्या दंत विभागांत आणि दंत महाविद्यालयांत, जिथे बायोप्सी करणारा हात त्याच खोलीत आहे, तिथे हा प्रकाश खरोखर कामाचा आहे. गालभर पसरलेल्या चट्ट्यातून तुकडा नेमका कुठून घ्यावा, हे ठरवणे अवघड असते. चुकीच्या जागेचा तुकडा निरोगी निघतो आणि आजार बाजूलाच वाढत राहतो. सर्वांत काळी दिसणारी जागा तुकड्यासाठी निवडण्यात प्रकाशाची मदत होते. जुन्या चट्ट्याच्या रुग्णाला दर काही महिन्यांनी बोलावले जाते, तेव्हा मागच्या चित्राशी ताजे चित्र ताडून पाहता येते. साध्या प्रकाशात न दिसणारा दुसरा डाग कधी त्यात सापडतो. किरणोपचार झालेल्या तोंडात मात्र ऊतीच बदललेली असते, तिथे हे चित्र जपून वाचावे लागते.

यासाठी एक नियम लेखी स्वरूपात सर्व केंद्रांवर हवा. नजरेला किंवा बोटाला संशय आला, तर उजेड हिरवा असो की काळा, बायोप्सी होणारच. संशय कमी असेल तर टोचणारा दात घासून, तंबाखू-सुपारी थांबवून, बुरशीवर औषध देऊन दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे, आणि चट्टा गेला नसेल तर तुकडा घ्यावा. प्रकाशाने बायोप्सीची संख्या वाढू शकते, एखादी बायोप्सी रद्द करण्याचा अधिकार मात्र त्याला नसावा. ‘मशीनमध्ये हिरवे आले’ असे ऐकून खर्रा चालू ठेवणाऱ्या माणसाचे नुकसान त्या उपकरणाच्या सगळ्या फायद्यांवर मात करील. म्हणून शिबिरात सरसकट दिवा फिरवून ‘कर्करोग नाही’ असे कागदावर लिहून देणे बंदच असावे.

याच वर्गातली आणखी दोन तंत्रे विचारासाठी येतील. पाच-अमिनोलेव्हुलिनिक आम्लाच्या द्रावणाने चूळ भरायला लावली की बिघडलेल्या पेशींत पॉर्फिरिन अधिक साठते आणि निळ्या उजेडात त्या लाल चमकतात. जर्मनीत म्युनिकमध्ये यावर काम झाले, आजार सहसा सुटत नाही असे दिसले, पण सूजही लाल चमकल्याने खोटे इशारे पुष्कळ आले. शिवाय द्रावण द्यायचे, वाट पाहायची, हे उपकेंद्राला झेपणारे नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत रामन वर्णपटावर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. तो प्रतिदीप्तीपेक्षा रेणूंची ओळख नेमकी पटवतो, पण त्याचा संकेत फार क्षीण असतो आणि साधने महाग पडतात. ही दोन्ही सध्या संशोधनाच्या पातळीवरच राहणे योग्य.

खरेदीच्या निविदेत काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. प्रकाशाची तरंगलांबी आणि गाळणीचा पट्टा उघड सांगितलेला असावा. पडद्यावर नुसता लाल-हिरवा कौल देणारे उपकरण नको, मूळ चित्र साठवणारे आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पाठवता येणारे हवे. संगणकीय कौल असेल तर तो कोणत्या प्रदेशातल्या, कोणत्या सवयींच्या किती रुग्णांवर शिकवला, त्यात तंतुमयता आणि गडद हिरड्या असलेले किती होते, हे पुरवठादाराने दाखवावे. टोक लहान असावे, तोंड कमी उघडणाऱ्यांत जाणारे. रुग्णामागे बदलायचे आवरण असावे. खोली अंधारी करता येत नसेल, तर डोक्यावरून घ्यायचा पडदा सोबत असावा. उघड्या खिडकीच्या ओपीडीत हिरवे आणि काळे दोन्ही पुसट होतात. एलईडीची तीव्रता वर्षातून एकदा मोजण्याची सोय करारात हवी, कारण मंदावलेला दिवा सगळ्या तोंडांना संशयित ठरवतो.

मोठ्या खरेदीआधी राज्याने स्वतःची पडताळणी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये मिळून हे करू शकतात. चट्टा, जखम किंवा तंतुमयता असलेल्या प्रत्येक रुग्णाची आधी साध्या प्रकाशात तपासणी आणि लेखी मत, नंतर निळ्या प्रकाशातले चित्र, नंतर बायोप्सी. तुकडा पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला प्रकाशाचा कौल ठाऊक नसावा. खर्रा खाणारे, मिश्री लावणारे आणि तंतुमयतेचे रुग्ण यांचे निकाल वेगळे मांडावेत, आणि अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करावेत. साध्या तपासणीत जे सुटले असते असे किती रुग्ण प्रकाशामुळे सापडले आणि त्यासाठी किती जणांचा तुकडा विनाकारण काढला गेला, या दोन आकड्यांवर खरेदीचा निर्णय व्हावा.

त्याबरोबर तुकड्याच्या पुढचा मार्गही पक्का करावा लागेल. फॉर्मेलिनची बाटली संपलेली, नमुना जिल्ह्याला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच, अहवाल आला तरी रुग्णाचा फोन बंद, अशा जागी कितीही नेमका प्रकाश असला तरी उपचार सुरू होत नाही. बायोप्सी घेतलेल्या प्रत्येकाची नोंद आशा सेविकेच्या वहीपर्यंत परत यावी. अहवाल किती दिवसांत आला, रुग्णाला कोणी कळवला आणि तो कर्करोग रुग्णालयात कोणत्या तारखेला पोहोचला, हे तीन रकाने उपकरणाच्या नोंदवहीतच असावेत आणि त्यांचा तिमाही गोषवारा खात्याकडे यावा.

कळावे,
एक नागरिक